उशाचं कांबळं

हुबळीला मालगाडीतून उतरलो तेव्हा अंगावर बैराग्याची कफनी, पोटात दोन दिवसांची भूक आणि मागे जन्मठेप होती. पोलिसांच्या हातून कसा निसटलो हे सांगताना मी दर वेळी एक पोलीस वाढवतो. सध्या अकरा झालेत. खरा एकच होता, आणि त्याला डुलकी लागली होती.

गुन्हा असा. आमच्या अळणावरच्या बाजारात लाकूडवखारीच्या दत्तूनं माझ्या वाघाला मांजर म्हटलं. मी मारलेल्या वाघाला! मी ओरडलो, "तुझं डोकं दगडावर आपटीन!" चार दिवसांनी भर दुपारी वखारीत गेलो, तर दत्तू मरून पडलेला. डोक्याला खोक आणि डोक्याखाली उशाला घडी केलेलं कांबळं. मी ते काढून त्याच्या तोंडावर पांघरलं. डोकं दगडी पायरीवर टेकलं. मग लोक आले आणि त्यांनी तेवढंच पाहिलं. कोर्टात वकिलांनी मला कांबळ्याबद्दल बोलूच दिलं नाही. मी एक सांगायला गेलो की दहा सांगतो, हे ते जाणून होते.

म्हणजे ते कांबळं ठाऊक असलेले दोघंच: मी आणि मारणारा. त्या दुपारी कुणी परका हुबळीच्या गाडीत चढला, एवढं एका हमालानं सांगितलं होतं.

हुबळीच्या कापूसबाजारात हवेत इतका कापूस, की माणूस चार श्वासांत गादी होतो. तिथल्या खाणावळीत मी दत्तूच्या खुनाची गोष्ट सांगू लागलो, मुद्दाम चुकवून: खुन्यानं डोकं दगडावर आपटलं आणि हसत निघून गेला. कुणीतरी चूक दुरुस्त करील, याची वाट पाहत होतो. रोट्टी (ज्वारीची भाकरी) आणि भरली वांगी मिळाली, दुरुस्ती नाही. एक गाडीवान म्हणाला, "बरे सुळ्ळ (निव्वळ थाप)! पण पुढं सांगा, स्वामी."

उणकलच्या तळ्यावर धुणं धुणाऱ्या एका अक्कानं सगळं ऐकून घेतलं. "मेल्याला आई होती का हो?"

मला ठाऊक नव्हतं. गावोगाव त्याच्या मरणावर जेवत होतो, आणि एवढंही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी चालताना वाघ आठवला नाही.

धारवाड मागे टाकून केलगेरीला पोचलो. तळ्याकाठी चहाचं खोपट, चार माणसं, आणि कोपऱ्यात दोर वळत बसलेला एक पिकल्या मिशांचा गृहस्थ. सगळे त्याला अण्णा म्हणत. मी रंगात आलो: "खुन्यानं जनावरासारखा दगडावर टाकला आणि हसत—"

दोर थांबला. "हसत नाही गेला."

"तुम्ही कुठं होता बघायला, अण्णा?" चहावाला हसला.

"दगडावर नव्हतं डोकं. उशाला कांबळं होतं. लहानपणापासून उशाशिवाय झोप येत नसे त्याला." तो कुणाकडेच बघत नव्हता. "धाकटा भाऊ माझा. आई गेली, आणि तेरावं झाल्यावर यानं मला कळवलं. जाब विचारायला गेलो. ढकललं. पायरी लागली."

या क्षणासाठी मी हजार आरोळ्या जमवून ठेवल्या होत्या; एकही सापडेना.

"त्यापायी कुणाला तरी आत टाकलं म्हणे," तो म्हणाला. "खरं का?"

"मला," मी म्हणालो. इतकं आखूड वाक्य मी जन्मात बोललो नव्हतो.

त्यानं दोर गुंडाळून बाजूला ठेवला. "चहा घ्या. मग जाऊ." चौघं साक्षीदार बरोबर आले. धारवाडच्या चौकीपर्यंत अण्णा माझ्या पुढं चालला. मागं वळून एकदाही पाहिलं नाही.

सुटायला मला काही महिने लागले. अळणावरला उतरलो तर बाजार गोळा झाला, गोष्ट सांग म्हणून. सांगतो अजूनही. वाघ बारा हातांचा झालाय. पण वखारीपाशी आलो की आवाज आपोआप खाली येतो. दत्तूच्या डोक्याखाली ते कांबळं परत ठेवतो, नीट घडी घालून, आणि मगच पुढं जातो.