सात सामन्यांची पिचर

माझी मुलगी एका उन्हाळ्यात पगारी बेसबॉल पिचर होती. मुलींसाठी नव्यानेच निघालेल्या लीगमध्ये, सात सामने. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय. तेव्हा अमेरिकेतल्या आमच्या बेलव्ह्यू गावातल्या सगळ्या मराठी ओळखीच्यांना मी सांगत होतो, ती फिजिकल थेरपीची इंटर्नशिप करते म्हणून.

कॉलेज संपवून पोरगी चेंडू फेकायला गेली, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? हिवाळाभर ती गराजमध्ये भिंतीला लावलेल्या जुन्या गादीवर चेंडू मारायची. धप्प, धप्प. ऑफिसच्या कॉलवर कुणी विचारलंच तर मी म्हणायचो, घराचं काम चालू आहे. सामने गाडीने तीन तासांवर असायचे. एकालाही गेलो नाही.

सातव्या सामन्यात तिच्या कोपराचा लिगामेंट फाटला. डॉक्टर म्हणाले पिचिंग संपलं, असं तिने फोनवर सांगितलं. मी लगेच म्हणालो, मग घरीच ये ना.

"यू साउंड हॅपी, बाबा," ती म्हणाली.

छे, काहीतरीच, म्हणालो. तेही खोटं. मला सुटल्यासारखंच वाटलं होतं.

गणपतीत इथल्या मराठी मंडळाने मुलांचा गुणगौरव ठेवला. फॉर्म मी आधीच भरून दिला होता, त्यातही इंटर्नशिपच. तिचं नाव पुकारलं. दुखरा हात गळ्यातल्या झोळीत अडकवलेली ती जागची हलली नाही, माझ्याकडे बघत राहिली. टाळ्या थांबेनात, तेव्हा मीच स्टेजवर जाऊन तिचं सर्टिफिकेट आणि नारळ घेऊन आलो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि ती बेसबॉलची नव्हती.

जेवणाच्या रांगेत एका काकांनी तिलाच विचारलं, हाताला काय झालं. तिने सरळ सगळं सांगून टाकलं. काका माझ्याकडे वळले.

"बरं झालं, सुटलात. आता मास्टर्सला पाठवा."

माझ्याच मनातलं बोलले ते. म्हणून जास्त झोंबलं.

"बरं नाही झालं, काका," मी म्हणालो. "माझी मुलगी प्रोफेशनल पिचर होती. इंटर्नशिप मी रचली, तिने नाही. लाज वाटायचीच असेल कुणाची, तर माझी वाटू द्या."

काकांनी मसालेभाताचा डाव परत पातेल्यात ठेवला. मागून मुलगी म्हणाली, "दोन मॅच जिंकून दिल्या, तेही सांग."

तेही सांगितलं. रांगेच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं.