प्रेमाअक्काची बोटं आणि चामडीचे डॉक्टर

बंगळूरच्या कोरमंगलातल्या एका पीजीत सत्तर पोरांचं जेवण रांधते ती प्रेमाअक्का. नवऱ्यामागे घर तिने ह्याच हातांवर ओढलं, आणि दुखणं आलं तेही हातांनाच. डाव्या हाताच्या तीन बोटांचे शेंडे सोलून निघाले, भेगा पडल्या. पीजीचे मालक दामोदरअण्णा माणूस वाईट नव्हे, पण म्हणाले, "अक्का, पोरं ताटाआधी तुमचे हात बघतात. हात बरे करून या, आठ दिवस थांबतो. मग दुसरी बाई बघावी लागेल."

पीजीतला पुण्याचा राजस फोन घेऊन आला. "अक्का, इंदिरानगरची ही डॉक्टर. पाचपैकी पाच स्टार!"

"दिले कुणी? हात बरे झालेल्यांनी, की तिथला सोफा आवडलेल्यांनी?"

तरी गेली बापडी. तिथल्या पोरीने बोटांकडे न बघताच चेहरा उजळायचं पॅकेज पुढे केलं. "अगं, पोळ्या मी हाताने लाटते, तोंडाने नव्हे," म्हणून अक्का उठली.

भाजीवाला नवा असला की अक्का त्याला काही विचारत नाही. त्याची भाजी कालच नेलेल्या बाईला विचारते. डॉक्टरांनाही तिने तोच न्याय लावला. दवाखान्याच्या पायरीवर बसायचं आणि बाहेर येणाऱ्याला कन्नडात एवढंच विचारायचं, "डॉक्टरांनी हात लावून बघितलं का?" एका ठिकाणी सगळ्यांनी माना हलवल्या, नाही. दुसरा दवाखाना औषधाच्या दुकानावरच्या माडीवर. तिथे बोम्मसंद्राच्या कारखान्यातला एक गडी म्हणाला, "लावला अक्का. मशीनला कुठलं तेल घालतो तेही विचारलं."

अक्का तडक आत.

डॉक्टर पद्मनाभांनी बोटं भिंगाखाली धरली. "ह्या बोटांत रोज काय धरता?"

"लसूण. किलोभर सोलते."

"आणि भेगांना लावता काय?"

"खोबरेल," अक्का ऐटीत म्हणाली, "लसूण घालून कढवलेलं!"

डॉक्टरांना हसू आवरेना. "म्हणजे ज्याने बोटं जाळली, त्यालाच औषधाला बोलावलंत!"

अक्काही हसली. मलम घेतलं, लसणाला हात लावणार नाही असं कबूल केलं, आणि उठता उठता म्हणाली, "हे दुसऱ्याला लागत नाही, तेवढं कागदावर लिहून द्या."

दामोदरअण्णांनी कागद दोनदा वाचला. "सरी, ठीक आहे अक्का. उद्यापासून या. पण लसूण कोण सोलणार?"

"तुमची पोरं. हात बघायची एवढी हौस आहे ना त्यांना!"

पहिला गड्डा राजसच्या वाट्याला आला.