फासा नाकारला तेव्हा

वडिलांना, अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मी पुण्यातली नोकरी सोडून सोलापूरला परत आले. थोड्या महिन्यांचाच प्रश्न आहे, असं तेव्हा सगळे म्हणाले होते. नंतर कुणी काही म्हणेनासं झालं. दादा पुण्यातच राहिला.

रविवारी दुपारी अण्णांचा डोळा लागला की शेजारच्या मावशींना बसवून मी शाळेतल्या मैत्रिणीकडे जायचे. तिच्या घरचा ट्रकांचा धंदा. ऑफिसच्या वरच्या खोलीत ती, तिच्या दोन चुलतबहिणी आणि मी, असा आमचा खेळ चालायचा. गोष्ट ती सांगायची, आम्ही तिच्यातली माणसं व्हायचो. मी चोर होते. कुलूप उघडायचं, भिंत चढायची, कुणाला पटवायचं म्हटलं की स्किल चेक. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या कसबाचे गुण मिळवायचे, आकडा पुरेसा आला तर जमलं. मला तो फासा फार आवडायचा. घरी सगळं ठरलेलंच होतं. औषध, आंघोळ, दुधात भाकरी कुस्करणं.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी आम्ही खेळातल्या किल्ल्याच्या कोठडीत अडकलो. कडी-कुलूप सगळं बाहेरून होतं, आतून मला उघडण्यासारखं काहीच नव्हतं. मी म्हटलं, "पहारेकऱ्याला विनवते. घरी म्हातारी आई एकटी आहे, सांगते." आणि फासा उचलला.

"ठेव तो," मैत्रीण म्हणाली. "चेक न्हाई."

"का?"

"त्याचं पोरगं सरदाराच्या ताब्यात हाय. तू काय बी बोल, तो सोडणारच न्हाई. जे होणारच न्हाई, त्याला फासा कशाला?"

"टाकू तरी दे की!" माझा आवाज एवढा चढला की तिच्या बहिणी दचकल्या. "हरेन ना, हरू दे. पण टाकूच द्यायचा नाही म्हणजे काय?" आणि मी सगळ्यांसमोर रडायला लागले.

मैत्रिणीनं पाणी दिलं. मग हळूच म्हणाली, "दादाला कधी म्हणालीस, आता तू सांभाळ म्हणून?"

"तो नाहीच म्हणेल."

"विचारलंस का?"

नव्हतं विचारलं.

संध्याकाळी गच्चीवरून फोन लावला. जुळवलेली वाक्यं विसरले. "दादा, मला थोडे दिवस सुटी हवीय," एवढंच निघालं.

तो म्हणाला, "अगं, मला वाटलं तुझं तिथं बरं चाललंय." मला रागही आला आणि हसूही. पण तो खरंच आला.

मी मंद्रूपला आत्याकडे गेले. सकाळी ऊन अंगावर येईपर्यंत झोपले, आत्यानं उठवलं नाही. जेवायला बसतेय तोवर दादाचा फोन. "अण्णा माझ्या हातून घासच घेत नाहीत गं. घास पुढं केला की तोंड मिटतात. तू कुठंयस, एवढंच विचारतात."

"ऱ्हाऊ दे की," आत्या म्हणाली. "भूक लागल्यावर खातील."

मलाही ते पटत होतं. तरी मी हात धुतले आणि सोलापूरची दुपारची एसटी धरली.