जरा काउंटर सांभाळशील?

दार मी गोठवलं. मुद्दाम नव्हे; पण लेम्पीबाईंनी हा बचाव ऐकून घेतला नाही. त्यांच्या दुकानातून आमिषाच्या बारक्या माशांची बादली घेऊन निघालो, उंबऱ्यात पाय घसरला आणि सगळं पाणी दारातच सांडलं. तडफडणारे मासे वेचायला खाली बसलो तेवढ्यात वाऱ्याने दार लोटलं. उत्तर विस्कॉन्सिनमधला जानेवारी तो. मासे बादलीत परत जाईपर्यंत दार चौकटीला असं चिकटलं, की तिथे कधीकाळी दार होतं हे सांगावं लागलं असतं.

"मागचं दार?" मी विचारलं.

"बर्फ लोटणाऱ्या गाडीने सकाळीच पुरलंय. ग्लेन, तू इतकी वर्षं शाळेची बस चालवलीस. पोरं जिवंत राहिली कशी?"

राग रास्त होता. आज गोठलेल्या तळ्यावर मासेमारीची स्पर्धा होती, आणि दुपारी दुकान बंद करून लेम्पीबाई माझ्याबरोबर तळ्यावर यायच्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा. तळं खिडकीतून दिसतं, नाही असं नाही. पण त्या ते खिडकीतूनच बघत आल्या होत्या.

त्यांची कथा गावात सगळ्यांना पाठ आहे. आमच्याकडे पोरं सोळा वर्षांची होईपर्यंत फुकट मासे धरतात. सोळावं पूर्ण झालं की सरकारला त्यांची आठवण येते. लेम्पीबाई सोळा वर्षांच्या झाल्या त्या दिवशी याच दुकानात लायसन्स काढायला आल्या. दुकान आर्व्हो कांगासचं. तो म्हणाला, "पोरी, जरा काउंटर सांभाळशील? मागून मासे घेऊन येतो." तो मासे घेऊन आला, पण तोवर गिऱ्हाइकांची रांग लागली होती. मग उन्हाळा लागला. मग आर्व्होशीच लग्न लागलं. आर्व्हो जाऊनही आता जमाना झाला, आणि बाई काउंटर सांभाळतायत. मे महिन्यात मासेवाले, नोव्हेंबरात हरणांचे शिकारी. अख्खा गाव त्यांच्या हातून कागद घेऊन पाण्यावर नि रानात गेला, बाई मात्र गांडुळांच्या फ्रीजला पाठ लावून उभ्या.

सुटायचा प्रयत्न त्यांनी केला नाही असं नाही. लायसन्स काढायला आलेल्या प्रत्येक पोराला त्या गोड आवाजात विचारत, "जरा काउंटर सांभाळशील?" पोरं कागद खिशात कोंबून धूम ठोकत. आया घरूनच बजावून पाठवत ना!

आम्ही बंद दाराकडे बघत गार कॉफी प्यायलो. माशांच्या टाकीत पाणी बुडबुडत होतं. काचेवर बर्फाची जाळी चढत होती आणि तिच्यामागे तळ्यावरची माणसं एकेक करून पुसट होत होती. बाई बाहीने काच पुसत, जाळी परत धरे.

"पण तुमचं लायसन्स?" मला एकदम सुचलं.

"कुठलं? ते राहिलंच ना त्या दिवशी."

"मग काढा की. मशीन तुमच्यासमोर आहे."

"मीच मला देऊ? मग तळ्यावर लायसन्स तपासणाऱ्या वॉर्डननेही स्वतःलाच दंड करावा. मी नुसती बघायला येणार होते. तुझ्या गळाला काही लागत नाही हे बघायला लायसन्स लागत नाही."

इतक्यात खिडकीवर टकटक झाली. बाईंनी ती उघडेल तेवढी, वीतभर उघडली. बाहेर मार्नी, सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, भट्टीची लाकडं विकणाऱ्या हेगस्ट्रॉमची मुलगी. पापण्यांवर बर्फ.

"मिसेस कांगास, लायसन्स हवंय. कालच सोळाची झाले मी."

"फोनवरून काढतात म्हणे हल्ली."

"आई म्हणते, पहिलं तुमच्याच हातचं. पण काय हो हे, परवापर्यंत फुकट आणि आज पैसे? दोन दिवसांत माझ्या गळाला शिंगं फुटली का?"

"सरकारला विचार. दोन वर्षं पोरांचा दर आहे तो उपभोग. अठराव्या वर्षी पुरती सोलतील."

कागद फटीतून बाहेर गेला, नोटा आत आल्या. मग मार्नीचं लक्ष दाराकडे गेलं. "हे कुणी केलं?"

"शाळेच्या बसने," बाई म्हणाल्या.

मार्नीकडे बर्फाला भोक पाडायची पहार होती. तिने उंबऱ्यावर घाव घातले आणि दार कण्हत उघडलं. पण सुटका कसली! तिच्यामागे स्पर्धेतले चौघे-पाचजण आमिषासाठी खोळंबले होते, ते धडाधड आत आले. बाईंनी कोट चढवला होता. एका हाताला बाही, दुसरा हात सवयीने माशांच्या जाळीकडे गेलेला. दारापर्यंतची वाट माणसांनी भरली. बाईंनी तळ्याकडे बघितलं. मग काउंटरशी उभ्या मार्नीकडे.

"मार्नी," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "जरा..."

गिऱ्हाइकं एक पाऊल मागे सरली. मार्नीला तिच्या आईने बहुतेक काहीच बजावलं नव्हतं. ती म्हणाली, "काय हो?"

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. तिच्या हातात कागद अजून कोरा करकरीत होता.

"जरा बाजूला हो," त्या म्हणाल्या. "ग्लेन, इकडे ये."

जाळी माझ्या हातात आली. बाई काउंटरला वळसा घालून गिऱ्हाइकाच्या बाजूला उभ्या राहिल्या. "एक लायसन्स."

मी मशीनची बटणं चाचपत दाबली. "पूर्वी कधी काढलंय का, असं विचारतंय."

"नाही म्हण. पहिल्यांदा काढणाऱ्याला सवलत आहे."

कागद घडी करून त्यांनी कोटात ठेवला, माझी बादली उचलली, माझा गळही उचलला. मार्नी दार धरून उभी होती. गिऱ्हाइकं माझ्याकडे बघून गांडुळं मागत होती, आणि टाकीतला एक मासा माझ्या बाहीवर उडाला होता.

"लेम्पीबाई!" मी ओरडलो. "परत कधी येणार, ते तरी सांगा!"

त्या उंबऱ्यावर थांबल्या.

"आर्व्होनेही मला सांगितलं नव्हतं."