येतानाची गाडी

यंदाच्या उन्हाळ्यात मी ताडकळसच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात माणसं अवकाशात नेण्याचा धंदा चालवला होता. भांडवल म्हणजे चहाचे दोन ग्लास, एक किटली आणि माझी जीभ. किटली हे वर फिरणारं अंतराळस्थानक. ग्लास ही दोन खासगी कंपन्यांची यानं. हॉटेलवाल्यानं चहा ओतायला किटली मागितली की मी स्थानकात आणीबाणी जाहीर करायचो.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. उन्हाळ्यात शाळा सकाळची असते. साडेअकराला सुटते, आणि पुढचा सगळा दिवस अंगावर येतो. बायको पुण्याला. दिवाळी करून गेली. सुनेची बाळंतपणाची रजा संपत होती आणि पाळणाघर मिळत नव्हतं, तेव्हा मुलानं तिला पंधरा दिवसांसाठी नेलं होतं. आता चैत्र सरत आला. घरात माझे किस्से ऐकायला एक पाल तेवढी उरली होती, आणि तिचंही लक्ष माझ्याकडे कमी, ट्यूबलाइटकडे जास्त. म्हणून मी हॉटेलात यायचो.

त्या दिवशी बाजार होता, त्यामुळे प्रेक्षक भरपूर. मी ठेवणीतला प्रयोग काढला. दोन अंतराळवीर आठवडाभरासाठी वर गेले, त्यांच्या यानात बिघाड निघाला, यानाचा भरवसा वाटेना म्हणून ते रिकामंच खाली आणलं, आणि हे दोघं कितीतरी महिने वरच राहिले. शेवटी दुसऱ्याच कंपनीच्या यानातून उतरले. मी टॉवेल डोक्याला गुंडाळून तरंगून दाखवलं. रिकामा ग्लास थरथरत खाली आणला. दुसरा ग्लास असा ऐटीत उतरवला की शेजारच्याच्या खारीवर चहा सांडला.

"एका कंपनीनं नेलं, दुसरीनं आणलं!" मी दोन्ही हात पसरले. "याला म्हणतात स्पर्धा!"

टाळ्या आल्या नाहीत.

"सर," हॉटेलवाला गल्ल्यावरून म्हणाला, "सरकार नेतंय ते समजतंय. त्याला झेंडा लावायचा असतो. कंपनी काहून नेती?"

"संशोधन आहे, उद्योग आहेत, पर्यटन आहे..."

"म्हंजे फिरायला." त्यानं विषय मिटवून टाकला.

मग मी माझा हुकमी साक्षीदार बोलावला. काळीपिवळी जीपवाला, माझाच जुना विद्यार्थी. सीटा भरेपर्यंत तो हॉटेलातच बसून असतो. "तू सांग रे यांना. तुझी खासगी गाडी आहे म्हणून लोकांची सोय झाली का नाही?"

"झाली की. पर सर, मी त्या यानात बसणार न्हाई."

"का?"

"आमी कशी चालवतो ते मला म्हाईत हाय. मागून दुसऱ्याची जीप येताना दिसली की मी टायर बघत नसतो. सीटा बघतो."

हॉटेल खिदळलं. मी म्हणालो, "अरे, तिथं एकेक स्क्रू शंभरदा तपासतात."

"कोण तपासतंय?"

"कंपनीची माणसं. वर सरकारही बघतं."

"माझ्या गाडीचं पण पासिंग झालंय की सर. दरवाजा सुतळीनं बांधलाय, तरी झालंय."

हरण्यातही मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू. मी शेवटचा पत्ता टाकला. हॉटेलवाल्याच्या मोबाइलवर व्हिडिओ लावला. वर अडकलेली माणसं तरंगत होती, हसत होती, हात हलवत होती. "बघा किती आनंदात आहेत!"

हॉटेलवाल्यानं डोळे बारीक केले. "क्यामेरा समोर हाय मनून हसायलेत. लग्नाच्या व्हिडिओत नवरीचा बाप हसतो का न्हाई?"

बाकाच्या टोकाला एक बाई बसली होती. पायाशी गाठोडं, पत्र्याचा डबा, गोणपाटात गुंडाळलेला कोयता. ऊसतोडीवरून ती सकाळीच उतरली होती आणि गावाकडं जायला जीप भरायची वाट बघत होती. आता तिनं मला विचारलं, "त्या दोघायला आठच दिवस मनून नेलं व्हतं का?"

"हो."

"मग घरच्यायनं काय केलं?"

हा प्रश्न मला कधी वर्गातही कुणी विचारला नव्हता. "काय करणार? वाट पाहिली असेल."

"आमचंबी तसंच असतंय," ती म्हणाली. "जाताना गाडी दारात येती. मुकादम सोता भांडे उचलून ठिवू लागतो. कारखाना बंद झाला की येतानाची गाडी आपणच हुडकायची. औंदा तीन दिवस रिकाम्या फडात बसून व्हतो. लय फोन केले, तवा गाडी आली." तिनं पदरानं तोंड पुसलं. "नेणारे लय असतेत हो सर. आणायची कुणाला घाई नसती."

तेवढ्यात जीपवाल्याचा चेहरा उजळला. आता काहीतरी येणार, हे मी ओळखलं. वर्गातही हा असाच उजळायचा आणि मग मला छडी शोधावी लागायची.

"सर, काकूला स्टेशनवर मीच सोडलं व्हतं. पिशव्याबी मीच उचलल्या. येतानाची गाडी कोण्या कंपनीची हाय?"

हॉटेल फुटलं. बाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. वाकून मुजरा केला, टॉवेल खांद्यावर टाकला, किटली तिच्या मालकाला परत दिली आणि उन्हातून घरी आलो. कुलूप उघडताना लक्षात आलं, की तोंडावर अजून हसू आहे आणि ते बघायला कुणी नाही. तोंड धुतलं. पाटावर बसलो, मग खुर्चीवर बसलो, मग पुन्हा पाटावर.

रोज सहा वाजता मी तिला फोन करायचो. तोही एक प्रयोगच. आज भरली वांगी केली, शेजारच्यांनी रस्सा मागून नेला. काल भाकरी अशी टम्म फुगली की मला वाटलं आता बोलायलाच लागते. घर कसं आरशासारखं ठेवलंय. तू काळजी करू नकोस, घाई करू नकोस, मी मजेत आहे. ती हसायची, मागं नातू रडायचा, फोन ठेवला जायचा.

त्या दिवशी तिनं नेहमीसारखं विचारलं, "काय केलं जेवायला?"

वांगी जिभेच्या टोकावर आली होती. मी म्हणालो, "खिचडी."

"अन् काल?"

"खिचडी."

"परवा तर पुरणाचा घाट घातला म्हणाला होतात."

"तेव्हाही तीच होती."

मग ती म्हणाली, "अहो, सगळं खोटं होतं का?"

"भाकरीचं खरं होतं. एकदा फुगली होती." तरीही ती हसली नाही. मी म्हणालो, "तू पंधरा दिवसांसाठी गेली होतीस."

"मला माहीत आहे मी कितीसाठी आले होते." तिचा आवाज बारीक झाला. "पोरगा विचारायचा, बाबांचं कसं चाललंय? मी म्हणायचे, छान चाललंय, मजेत आहेत. शेवटी त्यांनी पाळणाघर शोधायचं सोडून दिलं. तुम्ही एकदा तरी 'ये' म्हणाल, असं रोज फोन ठेवताना वाटायचं मला."

गावभर कंपन्यांची वकिली करत हिंडलो, पण माझी स्वतःची जाहिरात इतकी खपली असेल असं मला वाटलं नव्हतं.

"ये," मी म्हणालो.

"पोराला विचारते," ती म्हणाली. येते, असं म्हणाली नाही. नातू रडायला लागला आणि फोन बंद झाला.

चार दिवसांनी मुलाचा फोन आला. आवाज अवघडलेला. एका पाळणाघरात जूनमध्ये जागा होणार होती. जून म्हणजे नक्की कधी, हे मी विचारलं नाही. हॉटेलात सांगितलं, तर जीपवाला म्हणाला, "तारीख पुढं जाती बघा, सर." एरवी मी बाकावर चढून त्याला उत्तर दिलं असतं. तशी जाईलही पुढं.

मी आता सहा वाजता खरं तेच सांगतो. खरं सांगायचं तर चार वाक्यांत संपतं. खिचडी केली. मीठ जास्त पडलं. पंखा कुरकुरतो. पाल दिसत नाही. त्यावर ती काही बोलत नाही, मीही बोलत नाही, आणि फोन मात्र दोघंही ठेवत नाही.