मावशीची कोलामी

मावशी घरात बसून कधी शब्द सांगायची नाही. एम.ए.च्या प्रबंधासाठी मी पांढरकवड्याजवळच्या कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, गेले, तेव्हा माझ्याकडे शब्दांची छापील यादी होती. "झाडाला कोलामीत काय म्हणता?" मी विचारलं. "कोनतं झाड?" म्हणत ती उठली आणि मला रानातच घेऊन गेली. संध्याकाळपर्यंत यादीतले चारच शब्द मिळाले. यादीबाहेरचे मात्र वहीभर.

ती पोडावरच्या अंगणवाडीत मदतनीस होती, म्हणून सगळ्यांचीच मावशी. तिच्याइतकी गोड कोलामी कुणी बोलत नसे, पण लेकरांशी ती मराठीतच बोले. घरी सुनेशी, नातवंडांशीही तेच. लेकरांच्या तोंडी भाषा परत कशी येईल, हा तर माझ्या अभ्यासाचा विषय. ती खिचडी ढवळत असताना एकदा मी कारण विचारलं.

"शाळेत हसत होते मले. याह्यले कायले हसू देऊ?"

मी मारेगावकडची, कापूस पिकवणाऱ्या घरची. आमच्याही वर्गात दोन कोलाम मुली होत्या, हे मी तिला सांगून टाकलं.

"तू हसली होती का?"

"हो, मावशी."

तिनं खिचडीचं पातेलं खाली उतरवलं. मग म्हणाली, "आता तू बोल. लेकरायसमोर."

मी मोडक्यातोडक्या कोलामीत पाणी मागितलं. लेकरं खो खो हसली. एका चिमुरडीनं माझा उच्चार सुधारला, दुसऱ्यानं तिचा. ओशाळून मी मावशीकडे पाहिलं, तर ती पदरानं डोळे पुसत होती.

"येते वं पोरायले! म्हाताऱ्यायचं आयकून राह्यले होते सारे."

त्यानंतर अंगणवाडीत ती मराठी बोलली ती फक्त मोठ्या बाई तपासणीला आल्यावर.

प्रबंध बांधून आला, तसा मी तिला नेऊन दाखवला. तिनं हळूहळू पानं उलटली. "कोनासाठी हाय हे?"

"विद्यापीठासाठी."

"बरं झालं. त्यायलेबी शिकू दे."

त्यात थट्टा नव्हती. अस्वस्थ झाले ती मीच. पुढे पुण्यात लागलेली नोकरी सोडून मी पांढरकवड्यात शिकवू लागले.

गेल्या हिवाळ्यात मावशी न्यूमोनियानं गेली. परवा तिच्या सुनेचा फोन आला. धाकट्याला पहिला शब्द फुटला होता. कोणत्या भाषेतला, हे विचारायचं मला धाडस होईना. तिनंच फोन लेकराच्या तोंडाशी धरला. लेकरू काही बोललं नाही. पलीकडे सून त्याची आर्जवं करत होती, कोलामीतून.