कुंदाताईची तंद्री

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. शिवणाऱ्या बाईच्या मशीनखाली कात्रणं साठतात, तसे ते साठत जातात. एक दिवस झाडू घेऊन वाकावं तर हा ढीग! कुंदाताईच्या किश्श्यांचं असंच झालंय. आम्ही शिवणवाल्या बायका दुपारी चहाला जमलो की कोणीतरी म्हणतंच, "शोभा, तो ब्लाउजचा सांग ना." मग चहा गार होतो.

कुंदाताई बदलापूरला, बेलवलीत, माझ्या शेजारच्या दारात राहायची. नवरा दामोदरभाऊ अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर. आम्ही दोघी उल्हासनगरच्या किशनशेठकडून जीन्सचे खिसे आणि पट्ट्या शिवायला आणायचो. कुंदाताईची एकच खोड. मशीन चालवता चालवता तिची तंद्री लागायची. पाय पायडलवर, हात कापडावर आणि डोळे खिडकीबाहेर, लांब डोंगरांवर. सकाळी डोंगर निळे असायचे, दुपारी धुरकट, संध्याकाळी जांभळे, आणि ही त्यांच्यात कुठेतरी हरवलेली. हाक मारली तरी ऐकू जायचं नाही. पण शिलाई कधी वाकडी गेली नाही! आणि तंद्रीतून बाहेर येताना ती एखादं वाक्य बोलायची. त्या वाक्याने समोरचा गार!

*

आमचा वॉर्ड महिला राखीव झाला, ती गोष्ट. एका पार्टीची चार माणसं घरी आली. बसली दामोदरभाऊंसमोर. "वहिनींचं नाव द्या. त्यांना काहीच करायचं नाहीये. मीटिंगा आम्ही बघू, सह्या तुम्ही घ्या. वहिनींनी फक्त उभं राहायचं."

भाऊ बिचारे साधे. मान हलवत राहिले. कुंदाताई कोपऱ्यात मशीनवर. तिचे डोळे डोंगरावर लागलेले, त्यामुळे ही ऐकतेय असं कोणाला वाटलंच नाही.

बोलणी संपली. माणसं उठली. तेवढ्यात मशीन थांबलं.

"नुसतं उभं राहून माझे पाय दुखतील हो," कुंदाताई शांतपणे म्हणाली. "मी तिथे जाऊन बसणार."

पार्टीने दुसरं नाव शोधलं. हिने अपक्ष फॉर्म भरला!

*

निशाणी मिळाली शिलाई मशीन. आम्ही म्हटलं, झालं, जिंकलोच! प्रचाराला सोनिवलीला गेलो. तिथल्या एका म्हातारीने पत्रकावरचं मशीन बघितलं, आत गेली आणि ब्लाउजपीस घेऊन आली. "मापाचा जुना देतंय, सैल नको करूस!"

मी सांगायला गेले, "आजी, आम्ही मतं मागायला..." कुंदाताईने मला चिमटा काढला आणि कापड पिशवीत टाकलं. दुसऱ्या दिवशी ब्लाउज तयार. शिलाईही घेतली हं! म्हणाली, "फुकट दिला तर लाच होईल."

म्हातारीने ब्लाउज उलटा करून आतली शिलाई तपासली. मी विचारलं, "मग आजी, मत देणार ना?"

"पयला घालून बघतंय, मंग सांगतंय!"

मतदानाच्या दिवशी आम्ही केंद्राबाहेर उभ्या. म्हातारी आली. काठी टेकत आमच्यासमोर थांबली, पदर बाजूला केला आणि हात वर करून दाखवला. नव्या ब्लाउजला काखेत चुणी नव्हती! मग ऐटीत आत गेली.

*

कुंदाताई निवडून आली. पहिल्याच सर्वसाधारण सभेत, भर सभागृहात, तिची तंद्री लागली. खिडकी मोठी, पावसाळा ऐन भरात, समोरच्या डोंगरांवरून पांढऱ्या धारा उतरत होत्या. ढग इतके खाली की डोंगर हवेत तरंगतोय असं वाटावं. ठराव वाचले जात होते, हात वर होत होते. हिचे हात मांडीवर.

नगराध्यक्ष वैतागले. "ताई, लक्ष कुठे आहे?"

"डोंगरावर."

सगळे हसले. "तिथे काय आहे?"

"पाणी," कुंदाताई म्हणाली. "एवढं वाहून चाललंय. आमच्या नळालाच रस्ता सापडत नाही वाटतं."

हसणं हळूहळू थांबलं. बेलवलीच्या पाइपलाइनचा विषय त्याच दिवशी पहिल्यांदा पटलावर आला. आणि खिडकीजवळची ती खुर्ची कायमची तिची झाली!

*

नगरसेविका झाली तरी शिवण सोडलं नाही. आम्ही दोघी गठ्ठे घेऊन उल्हासनगरला जायचो. किशनशेठ सिंधी, गोड बोलणारा, पक्का धंदेवाला. कुंदाताईला तो 'अदी' म्हणायचा, म्हणजे ताई. निकालानंतर आम्ही गेलो तर हा गादीवरून उठून उभा! "अदी, अब आप बैठो, माल मैं गिनता हूँ!"

पुढच्या खेपेला गेलो तर दुकानाबाहेर बोर्ड. 'यहाँ नगरसेविका के हाथ की सिली जीन्स मिलती है.'

मी हसून हसून बेजार. कुंदाताई मात्र बोर्डाकडे टक लावून बघत राहिली. शेठ घाबरला. "अदी, बुरा लगा क्या?"

"नहीं शेठ," ती दचकून म्हणाली. "मैं सोच रही थी, कहीं जेब फट गई तो ग्राहक आपका जायेगा, मगर वोट तो मेरा जायेगा ना!"

शेठने स्वतः स्टुलावर चढून बोर्ड काढला.

*

स्टेशनजवळ बायकांसाठी शौचालय हवं, ही तिची मोठी मागणी. बाजारात भाजी विकणाऱ्या बायका दिवसभर पाणी पीत नसत, का ते सगळ्यांना माहीत होतं. पण फाइल पुढे सरकेना. त्यात नवीन मुख्याधिकारी आल्या. बाईच होत्या, तरुण, हुशार. त्याही म्हणाल्या, "जागा नाही, ताई."

"ठीक आहे मॅडम. मग बाजाराची पाहणी तरी करू या," कुंदाताई म्हणाली.

सकाळी पाहणी सुरू झाली. भाजीवालीने प्रेमाने चहा दिला. फुलवालीने लिंबू सरबत. पुढे उसाचा रस. मॅडम नाही म्हणायच्या, की कुंदाताई कानात सांगायची, "घ्या हो, त्यांना वाईट वाटेल." ऊन चढलं, तसं नारळपाणी झालं.

थोड्या वेळाने मॅडमचं बोलणं कमी झालं. मग चालणं. शेवटी त्यांनी कुंदाताईला बाजूला घेतलं. "ताई, इथे जवळपास कुठे...?"

कुंदाताई आभाळाकडे बघत म्हणाली, "मॅडम, फाइलमध्ये तेच विचारलंय."

लगेच रिक्षा करून आपल्या घरी नेलं म्हणा! पण परतताना मॅडमने जागेचा विषय स्वतःहून काढला. आज तिथे शौचालय आहे, बायका जातात. बाहेरच्या पाटीवर कुंदाताईचं नाव नाही. तिनेच लावू दिलं नाही. "तिथे कशाला माझं नाव!"

*

पुढच्या निवडणुकीत वॉर्ड खुला झाला. समोर बाळारामशेठ. जुनं जमीनदार घर, भातशेती जाऊन आता बिल्डिंगी उभ्या करणारे. कुंदाताई पडली. आम्ही रडलो. ती घरी आली, उशी घेतली आणि भर दुपारी गाढ झोपली. इतकी शांत, की भाऊ दोनदा जवळ जाऊन श्वास बघून आले!

त्याच वर्षी जुलैत नदी आली.

दिवसभर पाऊस कोसळत होता. कुंदाताई खिडकीशी बसून उल्हास नदीकडे बघत होती. एकदम मशीन थांबलं. "शोभा, पाणी वाहत नाहीये. थांबलंय."

"मग बरंच की!"

"बरं कसलं! पुढे जायला जागा नाही, म्हणजे आता ते इकडे येणार."

तिने स्टीलचं ताट उचललं आणि वाजवत चाळीचाळीतून निघाली. "वर चला! पोरांना घ्या, कागदपत्रं घ्या, वर चला!" एका दारातून कोणी ओरडलं, "ताई, इलेक्शन संपलं!"

"म्हणूनच खरं बोलतेय!" ती न थांबता म्हणाली.

लोक हसले, पण निघाले. शेजारच्या अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगच्या वरच्या मजल्यांवर आम्ही सगळे चढलो. अंधार पडायच्या आत आमची घरं छपरापर्यंत बुडाली. कुंदाताईचं मशीनही गेलं. ती कुणाचं तरी बाळ मांडीवर घेऊन बसून राहिली.

सकाळी पाऊस थांबला होता. असली शांतता मी आयुष्यात ऐकली नाही. जिकडे बघावं तिकडे पाणी, आणि त्यात अख्खं आभाळ उतरलेलं. एक दार तरंगत चाललं होतं, त्याच्यावर बगळा. एक म्हैस नुसती मान वर काढून, कुठे घाई नसल्यासारखी पोहत गेली. आमचं सगळं त्या पाण्याखाली होतं, तरी क्षणभर वाटलं, हे स्वप्नच आहे आणि ते मोडू नये.

तेवढ्यात टायरच्या ट्यूबला धरून कोणीतरी येताना दिसलं. बाळारामशेठ! पोरांनी त्यांना वर ओढून घेतलं. नाल्यावर भराव घालून त्यांनीच नदीकाठी प्लॉट पाडले होते. कुंदाताई सभेत कितीदा त्यावर भांडली होती. आता ही काय बोलते, म्हणून सगळे कान देऊन बसले.

तिने वर आणलेल्या स्टोव्हवरच्या खिचडीची थाळी त्यांच्या हातात दिली. मग पाण्याकडे बघत हळूच म्हणाली, "शेठ, तुमच्या जाहिरातीत रिव्हर व्ह्यू लिहिलं होतं. खोटं नव्हतं हो ते."

बाळारामशेठ रडले. मग खिचडी खाल्ली. पाणी ओसरल्यावर भराव काढायला त्यांचाच जेसीबी आला!

*

आता शेवटचा. हा मी सांगते तेव्हा कोणी विश्वास ठेवत नाही, पण मी स्वतः दारात उभी होते.

त्या हिवाळ्यात एका संस्थेमार्फत परदेशातल्या काही राजकारणी बाया इकडच्या नगरसेविकांना भेटायला आल्या. आजी आणि माजी, दोन्ही. कुंदाताईच्या वाट्याला आली ग्रीसची एलेनी. साठीची, उन्हाने रापलेली, केस आखूड. दोन गाड्या निघाल्या होत्या. एलेनीची पोचली. दुभाषी मुलगी केतकी ज्या गाडीत होती, ती शीळफाट्याला बंद पडली!

कुंदाताईला इंग्रजीचं 'थँक्यू' सोडून काही येत नव्हतं. एलेनीने थोडं इंग्रजी बोलून बघितलं, मग सोडून दिलं. दोघी ओसरीवर बसल्या. नदीवर धुकं होतं. बराच वेळ दोघी त्या धुक्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता दोघींचीही तंद्री लागली, झालं!

मग एलेनी तिच्या भाषेत काहीतरी बोलली. कुंदाताईने मराठीत उत्तर दिलं. पुन्हा ती. पुन्हा ही. हातवारे नाहीत, खाणाखुणा नाहीत. दोघी हसल्या. एकदा एलेनीने डोळे पुसले. मी चहा ठेवून आले, तो तसाच राहिला.

दुपार टळून गेल्यावर केतकी धावत आली. "सॉरी, सॉरी! ताई, नुसत्याच बसून राहिलात का?"

"नाही गं, छान बोललो," कुंदाताई म्हणाली. "ही बेटावरची. बाप मासेमारी करायचा. बंदरातल्या बायकांसाठी भांडता भांडता आधी गावची पुढारी झाली, मग मोठ्या सभेत गेली. बाप वारल्याचा निरोप आला तेव्हा ती भाषण करत होती. भाषण पुरं केलं आणि मग खाली बसली."

केतकीने हसत हसत ते इंग्रजीत एलेनीला सांगितलं. एलेनी प्रत्येक वाक्याला मान हलवत गेली. शेवटच्या वाक्याला ती हलकेच म्हणाली, "हे मी इकडे आल्यापासून फक्त हिलाच सांगितलं."

ते आम्हाला मराठीत सांगता सांगता केतकीचं हसू गेलं. दामोदरभाऊ बिस्किटांची बशी घेऊन आले होते, ते तसेच उभे. केतकीने घाबरत विचारलं, "आणि मॅडम, यांनी तुम्हाला काय सांगितलं?"

एलेनी बराच वेळ बोलली. केतकीने एकदा कुंदाताईकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"त्या म्हणतायत, कुंदाताई पुढची निवडणूक लढवणार आहेत. बाळारामशेठच्या विरोधात. घरी अजून कोणाला सांगितलेलं नाही म्हणे."

दामोदरभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी भाऊंकडे. कुंदाताई नदीकडे.

आमच्या घरची बातमी आम्हाला ग्रीसहून कळली!